डोळ्यांनी आखलेला प्रवास

कर्णबधिर माणसाच्या परदेश प्रवासातला सर्वांत मोठा खर्च बहुधा सोबतीचा असतो. गाडीभाडे, खोली, जेवण, व्हिसा हे आकडे एका माणसापुरते मांडले तर मध्यम कमाईच्या घराला पेलतात. पण ऐकू न येणाऱ्याला परमुलखात एकटे कसे सोडायचे, या काळजीपोटी घरातले कोणीतरी बरोबर निघते आणि तेच आकडे दुप्पट होतात. दुप्पट खर्च झेपत नाही म्हणून प्रवास पुढच्या वर्षावर जातो, आणि पुढचे वर्ष येतच नाही. अमरावतीच्या राजापेठेतल्या घरात ऐकू न येणाऱ्या लेकाने किंवा लेकीने परदेशाचे नाव काढले, की पैशांच्याही आधी विचारले जाते ते ‘संगं कोन जाते?’ त्या प्रश्नामागची माया खरी असते. पण आखणी करणाऱ्याने त्याचे उत्तर मायेने न देता हिशेबाने द्यावे. सोबतीचा माणूस नेमकी कोणती कामे करतो आणि त्यांतली किती कामे कागदावर, पडद्यावर, दिव्यावर आणि आधी केलेल्या लेखी व्यवहारावर सोपवता येतात, हे पाहिले की प्रवासाचा आराखडा आपोआप उभा राहतो.

सोबती फलाटावरची घोषणा ऐकतो, रस्ता विचारतो, हॉटेलला फोन लावतो, भावाची घासाघीस करतो, दारावरची थाप ऐकतो आणि अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. या सगळ्यांत माहिती कानावाटे येते. तीच माहिती डोळ्यांवाटे किंवा स्पर्शावाटे मिळण्याची सोय आधी करून ठेवणे, हे कर्णबधिर प्रवाशाच्या नियोजनाचे सार आहे. ऐकणारा प्रवासी पुष्कळ गोष्टी ऐनवेळी विचारून भागवतो. कर्णबधिर प्रवाशाला त्या घर सोडण्यापूर्वी ठरवाव्या लागतात. त्यात वेळ जातो, पण त्या वेळेला पैसे पडत नाहीत, उलट तो पैसा वाचवतो. लवकर काढलेले तिकीट स्वस्त पडते, लेखी ठरलेल्या दरात फसवणूक होत नाही.

आखणीची सुरुवात गावातून बाहेर पडण्यापासून होते. राजापेठ हे अमरावतीतले प्रवासाचे नाके आहे. राजापेठचे बसस्थानक इथेच आहे आणि बडनेऱ्याचा रस्ता इथूनच निघतो. दहाएक किलोमीटरवरचे बडनेरा जंक्शन मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. नागपूरचा विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटरवर. शहराजवळच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. यांतला कोणता मार्ग घ्यायचा हे भाड्याबरोबरच सवलतींवरही ठरते. एस. टी. महामंडळ दिव्यांग प्रवाशाला तिकिटात 75 टक्के सवलत देते. रेल्वेत ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही अपंगत्वे एकत्र असलेल्या प्रवाशाला दुसऱ्या वर्गाच्या आणि स्लीपरच्या भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, आणि बरोबरच्या एका माणसालाही तेवढीच मिळते. ऐकू येत नाही पण बोलता येते, अशा माणसाला मात्र ही सवलत लागू होत नाही. वातानुकूलित डब्याचे गणितही ती धरून करू नये. ऑनलाइन आरक्षणात सवलत हवी तर रेल्वेचे दिव्यांग ओळखपत्र आधी काढावे लागते. अमरावती आणि बडनेरा ही स्थानके मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात, तेव्हा अर्ज त्या विभागाच्या नावे करायचा. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी हे काम उरकलेले बरे.

रेल्वेच्या सवलतीत एक बारकावा दडलेला आहे. अर्धे अधिक अर्धे असे दोघांचे मिळून एकाच तिकिटाचे पैसे पडतात, म्हणजे देशाच्या हद्दीपर्यंत सोबती जवळजवळ फुकट येतो. सीमा ओलांडली की सवलत संपते आणि तिथून बस, खाट, जेवण, प्रवेशशुल्क सगळे दुप्पट होऊ लागते. पहिल्याच वेळी एकटे निघणाऱ्या मुलामुलीच्या घरच्यांना यातून मधला मार्ग सापडतो. सोबत सीमेपर्यंत करावी आणि पुढचा प्रवास त्याचा त्याला करू द्यावा.

कागदपत्रांत पहिला पासपोर्ट. विदर्भातले जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. 36 पानांच्या, दहा वर्षे चालणाऱ्या साध्या पासपोर्टचे शुल्क 1,500 रुपये आहे आणि तत्काळसाठी त्यावर आणखी 2,000 रुपये पडतात. आधी आखणी केली की हे दोन हजार तसेच वाचतात. मुलाखतीच्या खिडकीवर नावाचा पुकारा होण्याची भीती कर्णबधिर अर्जदाराला वाटते, पण पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन क्रमांक पडद्यावर दिसतो. काउंटरवर गेल्यागेल्या ‘मला ऐकू येत नाही, कृपया लिहून विचारा’ असे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेला कागद पुढे केला की काम सुरळीत होते. अडचण होते ती नावांच्या स्पेलिंगची. शाळेचा दाखला, आधार आणि दिव्यांगांचे युडीआयडी ओळखपत्र यांवर नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. ऐकणारा माणूस खिडकीवर दोन वाक्यांत खुलासा करून सुटतो. कर्णबधिर माणसाने हा फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा.

अमरावती जिल्ह्यात कागदपत्रांचा हा विषय अधिक खोल आहे. अचलपूर-परतवाड्याजवळच्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आसरा दिला. त्यांत मूकबधिर मुलेही आहेत. मुलांना त्यांनी आपले आडनाव दिले आणि 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आईवडिलांचा पत्ता नसलेल्या मुलाला पासपोर्ट मिळेल का, ही शंका अशा ठिकाणी साहजिक आहे. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर 2016 मध्ये नियम सैल केले, त्यामुळे अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव पुरते. जन्मतारखेचा पुरावा नसलेल्या अनाथ मुलासाठी संस्थेच्या प्रमुखाने संस्थेच्या कागदावर दिलेले निवेदन चालते. ज्याला घर नव्हते आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठीही कायद्याने परदेशाचे दार उघडे ठेवले आहे. ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक बालगृहाला ठाऊक असायला हवी.

युडीआयडी ओळखपत्र बरोबर ठेवावे, पण त्याची मर्यादाही ओळखावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातील 70 डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर ठरते, आणि 60 ते 70 डेसिबलपर्यंत ती श्रवणक्षीण ठरते. हे ओळखपत्र त्या स्थितीचा पुरावा आहे, प्रवासाचा परवाना म्हणून ते चालत नाही. परदेशातल्या संग्रहालयांत दिव्यांगांना सवलत असते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला प्रवेश मोफत आहे. तिथे दाखवायला ओळखपत्राबरोबर इंग्रजीतले वैद्यकीय प्रमाणपत्र हाताशी असावे.

मग देशाची निवड. इथे कर्णबधिर प्रवाशाने इतरांच्या याद्या बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात. प्रवेशाची कटकट किती, तिथली लिपी वाचता येते का, आणि तिथल्या कर्णबधिर लोकांशी हातांनी किती बोलता येईल. या तिन्ही कसोट्यांवर वऱ्हाडातल्या कर्णबधिराला पहिल्या प्रवासासाठी नेपाळसारखा देश नाही. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. चलनाचा दर 1993 पासून बांधलेला आहे, भारतीय एका रुपयाला नेपाळी 1.60 रुपये. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. दुकानांच्या पाट्या, बसवरची गावांची नावे, गाड्यांच्या जुन्या क्रमांकपट्ट्यांवरचे आकडे, भोजनालयातली दरपत्रके हे सगळे मराठी शाळेत शिकलेल्या डोळ्यांना पहिल्या दिवसापासून वाचता येते. शब्द वेगळे असले तरी गावाचे नाव आणि किंमत समजायला लिपी पुरते. थायलंड किंवा व्हिएतनाममध्ये हा आधार नाही.

हातांच्या भाषेतही नेपाळ जवळ आहे. भारतात आणि पाकिस्तानात वापरल्या जाणाऱ्या सांकेतिक भाषांचे एकमेकींशी दाट नाते आहे. नेपाळी सांकेतिक भाषा स्वतंत्र असली तरी तिच्यातल्या पुष्कळ खुणा भारतीय माणसाला ओळखीच्या वाटतात. भारतात इंग्रजी अक्षरे बहुधा दोन्ही हातांनी काढतात. नेपाळच्या कर्णबधिर समाजाने देवनागरी वर्णमालेसाठी एका हाताची अक्षरे प्रमाण केली आहेत. क पासून ज्ञ पर्यंतची ती अक्षरे निघण्यापूर्वी आठवडाभरात शिकता येतात, आणि मग नाव, गाव, भाव अक्षराअक्षराने विचारता येतो. काठमांडूत कर्णबधिरांची शाळा 1966 मध्ये सुरू झाली. ‘द बेकरी कॅफे’ या उपाहारगृहांनी 1990 च्या दशकापासून कर्णबधिर वाढप्यांना कामावर घेतले आणि हाताने ऑर्डर देण्याची सवय ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांनाही लावली.

वऱ्हाडातून नेपाळला जाण्याची वाट जुनी आहे. नागपूरची दीक्षाभूमी जवळ असलेल्या या प्रदेशातून बौद्ध उपासक लुंबिनीच्या यात्रेला जात असतात. त्यांचा मार्ग काटकसरीचाही आहे. बडनेऱ्याहून भुसावळ, भुसावळला मुंबईहून येणारी काशी किंवा कुशीनगर एक्सप्रेस धरून गोरखपूर, तिथून सुमारे शंभर किलोमीटर बसने सोनौलीची सीमा, आणि पलीकडे लुंबिनी तासाभराच्या अंतरावर. काठमांडूची बस पुढे दिवसभर किंवा रात्रभर डोंगर चढते. यात्रा कंपन्यांच्या बसमध्ये बसून जाणे सोपे असते, पण तिथे सगळ्या सूचना मार्गदर्शकाच्या तोंडी असतात. बस कुठे थांबली, किती वेळ थांबणार, परत किती वाजता निघणार, हे ओरडून सांगितले जाते आणि ऐकू न येणारा यात्रेकरू दिवसभर शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. अशा वेळी रोजचा कार्यक्रम आदल्या रात्री मोबाइलवर लिहून पाठवण्याची अट पैसे भरतानाच घालावी. ती मान्य करायला कंपनीला एक पैसाही लागत नाही.

स्वतंत्रपणे जाणाऱ्याने गाडीतल्या आणि फलाटावरच्या सूचनांची सोय करावी. फलाट बदलल्याची घोषणा कानावर पडत नाही, पण गर्दीचे वागणे लगेच सांगते. सगळे एकदम पिशव्या उचलून पुलाकडे निघाले की काहीतरी बदलले, हे कर्णबधिर माणूस लहानपणापासून ओळखतो. तरी त्यावर न विसंबता गाडीची स्थिती दाखवणारे ॲप आणि डब्यांची जागा दाखवणारे फलक पाहत राहावे. रात्री उतरायचे असेल तर थरथरणारा गजर उशाखाली न ठेवता मनगटावर बांधावा, कारण चालत्या गाडीत उशीही थरथरते. नेपाळचे घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटे पुढे असते. सीमा ओलांडताच गजराची वेळ बदलावी. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतो आणि बसच्या तिकिटावर कधीकधी तीच तारीख लिहिलेली असते. इसवी सन 2025 च्या एप्रिलमध्ये तिथे 2082 हे साल सुरू झाले. तिकीट हातात पडताच वार कोणता, हे लिहून विचारून घ्यावे.

विमानाने जाणाऱ्यासाठी नियम वेगळे आहेत. आरक्षणाच्या नोंदीत कर्णबधिर प्रवाशासाठी वेगळा संकेत असतो. तिकीट काढताना किंवा निघण्याच्या निदान 48 तास आधी विमान कंपनीला लेखी कळवले की तो नोंदवला जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीनुसार केवळ अपंगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येत नाही. मदत मागितली की पुष्कळदा चाकाची खुर्ची समोर येते, म्हणून अर्जात स्पष्ट लिहावे की पाय धड आहेत, हवे आहे ते गेट बदलल्याचे लेखी कळवणे आणि विमानातल्या सुरक्षा सूचनांचा छापील कागद. मुंबईसह काही विमानतळांवर आता उड्डाणांच्या घोषणा अगदी कमी केल्या आहेत. तिथे ऐकणाऱ्या प्रवाशालाही फलकाकडे पाहावे लागते आणि दोघे एका पातळीवर येतात. ध्वनीवर न विसंबणारी व्यवस्था सर्वांनाच शांतता देते, हे अशा विमानतळांनी दाखवून दिले आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये सुरू झालेली सूर्यफुलाच्या चित्राची हिरवी गळपट्टी आज अनेक देशांत ओळखली जाते. न दिसणारे अपंगत्व आहे, थोडा वेळ द्या, एवढेच ती सांगते.

परदेशी प्रवेशाच्या खिडकीवर अधिकारी काच किंवा पडद्याआडून, मान खाली घालून प्रश्न विचारतो. ओठ वाचून वेळ भागवायची सवय असलेल्यांना तिथे धक्का बसतो. महाराष्ट्रातल्या कर्णबधिरांच्या पुष्कळ शाळांनी मुलांना ओठांवरून मराठी वाचायला शिकवले. खुणांनी मुले वर्गाबाहेर आपापसांत बोलली. ओठ वाचण्याचे कौशल्य त्या एका भाषेपुरते असते. समोरचा माणूस थाई किंवा इंग्रजी बोलू लागला की ते निकामी होते. खुणांवर वाढलेल्या माणसाचे उलट घडते. भाषा न कळणाऱ्या लोकांशी हातांनी, चेहऱ्याने, चित्राने बोलण्याचा सराव त्याला रोजच्या बाजारातून झालेला असतो आणि परमुलखात तो ऐकणाऱ्या प्रवाशापेक्षा लवकर रुळतो. तरी खिडकीवर एका पारदर्शक पाकिटात परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाची नोंद, विमा, पैशांचा पुरावा आणि ऐकू येत नसल्याचे इंग्रजी निवेदन क्रमाने लावून ठेवावे. प्रश्न कोणते येणार हे ठरलेले असते. किती दिवस, कुठे, कशासाठी, कोणाकडे. उत्तरे आधीच छापून नेली की रांग अडत नाही.

राहण्याच्या जागेत स्वस्ताई आणि सुरक्षितता यांचा मेळ घालावा लागतो. दिव्याच्या उघडझापीने दारावरची घंटा किंवा आगीचा इशारा कळवणाऱ्या खोल्या महागड्या हॉटेलांत असतात, अल्प खर्चाच्या जागांत क्वचित. तिथे साधे उपाय चालतात. चावी देणाऱ्याला कागद दाखवून सांगावे की आग लागली तर दार ठोठावून उपयोग नाही, दुसऱ्या चावीने दार उघडून दिवा लावा. आतून कडी न घालता फक्त कुलूप लावावे. खोली खालच्या मजल्यावर, जिन्याजवळ मागावी आणि बाहेर पडण्याची वाट उजेडात एकदा चालून पाहावी. बऱ्याच कर्णबधिर प्रवाशांना अनेक खाटांची सामायिक खोली एकट्याच्या खोलीपेक्षा बरी वाटते, कारण ती स्वस्त असते आणि संकटात हलवून उठवणारे कोणी ना कोणी जवळ असते. एकट्या स्त्रीने फक्त स्त्रियांसाठीची सामायिक खोली निवडावी, आणि संध्याकाळनंतरच्या परतीचा रस्ता उजेडाचा आहे का हे दिवसा पाहून ठेवावे. अंधारात खुणाही दिसत नाहीत आणि मागून येणाऱ्याची चाहूलही लागत नाही.

पैशांच्या व्यवहारात कर्णबधिर प्रवाशाचे नुकसान पूर्वी भाव न कळल्याने होत असे. आता चित्र बदलले आहे. मार्च 2024 पासून नेपाळच्या दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येऊ लागले. भूतान आणि श्रीलंकेत ही सोय त्याआधीच आली होती. पडद्यावर आकडा दिसतो, तो दोघांनाही वाचता येतो, तोंडी हिशेब लागत नाही. घासाघीस करायला मोबाइलचे गणकयंत्र पुरते. एक आकडा दुकानदार टिपतो, दुसरा गिऱ्हाईक टिपते, आणि दोन-तीन फेऱ्यांत भाव जुळतो. कार्ड वापरणाऱ्याने निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपवर परदेशी वापर सुरू करावा. कार्ड हरवले तर ते बंद करण्याची सोय फोनवर बोलण्यावाचून आहे का, हे बँकेला लेखी विचारावे. बँकेचा तातडीचा मार्ग केवळ आवाजावर चालत असेल, तर त्यात बदल व्हायला हवा.

मोबाइलचा डेटा हा कर्णबधिर प्रवाशाच्या अंदाजपत्रकातला अत्यावश्यक खर्च आहे. त्यात काटकसर करू नये, जेवणात किंवा खरेदीत करावी. गुगलने 2019 मध्ये आणलेले लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटवते, आणि त्यात मराठीही आहे. ते वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या साहाय्याने तयार झाले. भाषांतराचे ॲप परक्या लिपीतल्या पाटीवर कॅमेरा धरला की अर्थ दाखवते. गोंगाटाच्या बसस्थानकावर ही साधने चुकतात, म्हणून महत्त्वाचा मजकूर कागदावरही असावा. गावाचे नाव, हॉटेलचा पत्ता, औषधाची ॲलर्जी, रक्तगट आणि घरचा संदेश पाठवायचा क्रमांक त्या देशाच्या भाषेत लिहून खिशात ठेवावेत. स्वस्त इंटरनेटने आणखी एक मोठे काम केले आहे. काठमांडूच्या खोलीतून राजापेठेतल्या आईशी चित्रफोनवर खुणांनी बोलता येते. तिला लेकाचा चेहरा दिसतो, हात दिसतात, आणि रोजच्या ठरल्या वेळेच्या या बोलण्याने तिची काळजी निम्मी हलकी होते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे सामान थोडे वाढते. जादा सेल आणि चार्जर हाताच्या पिशवीत ठेवावेत, कारण सामानाची मोठी पेटी हरवू शकते आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात पाठवता येत नाहीत. दमट हवेच्या देशात ओल शोषणाऱ्या पुड्यांची डबी बरोबर असावी. शस्त्रक्रियेने कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्याने त्याचे ओळखपत्र तपासणीच्या दारात आधीच दाखवून हाताने तपासणी मागावी. विम्याच्या अर्जात बहिरेपण लपवू नये. यंत्र हरवले किंवा मोडले तर भरपाई मिळते का, हा प्रश्न लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

संकटात मदत कशी मागायची, याची माहिती देशागणिक वेगळी काढावी लागते. बहुतेक ठिकाणी तातडीचा क्रमांक हा बोलण्याचाच असतो. ब्रिटनने जून 2022 मध्ये 999 या सेवेला चित्रफोनवर ब्रिटिश सांकेतिक भाषेची जोड दिली. थायलंडने 17 ऑगस्ट 1999 रोजी थाई सांकेतिक भाषेला कर्णबधिरांची राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली आणि पुढे दुभाष्यामार्फत फोन करून देणारी सेवाही उभी केली. परक्या प्रवाशाला ती भाषा येत नसली तरी अशा देशात कर्मचाऱ्यांना कर्णबधिर माणूस नवा नसतो, हे महत्त्वाचे आहे. जिथे अशी सोय नाही तिथे हॉटेलवाल्याचा संदेश-क्रमांक, भारतीय दूतावासाचा ईमेल आणि त्या शहरातल्या कर्णबधिर संघटनेचा पत्ता या तीन गोष्टी निघण्यापूर्वी मिळवाव्यात.

यांतली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. ऐकणाऱ्या प्रवाशाला परदेशात ओळख लागते. कर्णबधिर प्रवाशाला दुसऱ्या कर्णबधिराने नुसते हात हलवताना पाहिले की ओळख होते. या आपुलकीला इतिहास आहे. 1816 मध्ये लॉराँ क्लेर्क हा फ्रान्सचा कर्णबधिर शिक्षक 52 दिवस जहाजाने प्रवास करून अमेरिकेला पोचला आणि पुढच्या वर्षी तिथे कर्णबधिरांची शाळा उभी राहिली. अमेरिकी सांकेतिक भाषेची मुळे त्या प्रवासात आहेत. पॅरिसमध्ये 1834 पासून कर्णबधिरांच्या वार्षिक मेजवान्या होऊ लागल्या आणि परदेशांतून पाहुणे येऊ लागले. 1924 मध्ये त्याच शहरात कर्णबधिरांची पहिली जागतिक क्रीडास्पर्धा झाली. तीच पुढे डेफलिंपिक्स म्हणून ओळखली गेली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये टोकियोत भरली. 1951 मध्ये रोममध्ये जागतिक कर्णबधिर महासंघ स्थापन झाला. या भेटीगाठींतून आंतरराष्ट्रीय खुणांची एक मिश्र पद्धत रूढ झाली, जिच्यात वेगवेगळ्या देशांचे लोक थोड्या वेळात एकमेकांना समजून घेतात. बालीच्या उत्तरेतील बेंगकाला गावात तर पिढ्यान्‌पिढ्या अनेक कर्णबधिर जन्मल्यामुळे ऐकणारे गावकरीही गावाची सांकेतिक भाषा बोलतात.

अशा भेटींसाठी वेळापत्रकात जागा ठेवावी. संघटनेला महिनाभर आधी भारतीय सांकेतिक भाषेतली छोटी चित्रफीत आणि सोप्या इंग्रजीत चार ओळी पाठवाव्यात. भेट ठरली तर पुढाकार त्यांच्याकडे सोपवावा, घरी राहायला बोलावले तर खाऊ न्यावा, आणि पाहुणचाराला हॉटेलची बचत समजू नये. भारतातल्या खुणाही गावोगावी थोड्या बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश पाहून घ्यावा. 2015 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने 2018 मध्ये 3,000 शब्दांपासून सुरुवात केली आणि 2021 पर्यंत कोश 10,000 शब्दांवर नेला. प्रवास, पैसा, औषध, पोलिस या विषयांच्या खुणा त्यातून पक्क्या केल्या तर परदेशी मित्रालाही नीट शिकवता येतात.

परत आल्यावर एक काम उरते. ऐकणारा प्रवासी आपला अनुभव लिहितो. कर्णबधिर प्रवाशाने तो खुणांच्या चित्रफितीत मांडून ठेवावा. कोणत्या स्थानकावर फलक चालू होते, कोणत्या सीमेवर अधिकाऱ्याने लिहून विचारले, कोणत्या हॉटेलने दिव्याची विनंती पाळली, कुठे किती पैसे लागले, ही माहिती मराठी लिहिणे-वाचणे कमी येणाऱ्या कर्णबधिरापर्यंतही त्या रूपात पोचते. अमरावती, अकोला, यवतमाळच्या कर्णबधिर मंडळांत अशा चित्रफिती फिरू लागल्या, की पुढच्या प्रवाशाची अर्धी आखणी आधीच तयार असेल. गावातल्या यात्रा कंपन्यांनीही त्या पाहाव्यात आणि आपल्या जाहिरातीत ‘सर्व सूचना लेखी मिळतील’ ही एक ओळ घालावी.